छापील ओळीला आवाज देणाऱ्या दोघी

१/ २२ फेब्रुवारी १९५२. न्यूयॉर्कमधील स्टाइनवे हॉल. मायक्रोफोनसमोर ३७ वर्षांचा वेल्श कवी डिलन थॉमस. ध्वनिमुद्रण करणारा तंत्रज्ञ पीटर बार्टोक, म्हणजे थोर हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक यांचा मुलगा. आणि या साऱ्याचा खर्च उचलणाऱ्या निर्मात्या कोण? अवघ्या बावीस वर्षांच्या दोन मैत्रिणी. बार्बरा कोहेन आणि मॅरिअ‍ॅन रोनी. त्यांना ध्वनिमुद्रिका काढण्याचा अनुभव नव्हता, आणि जवळचे भांडवल होते सुमारे १,५०० डॉलर.

२/ आज आपण लोकलमध्ये उभ्याउभ्या मोबाइलवर कादंबरी ऐकतो. श्राव्यपुस्तक हे स्मार्टफोनचे अपत्य आहे, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्याची बाजारपेठ उभी राहिली ती सत्तर वर्षांपूर्वी, आणि तिचा पाया घालणाऱ्यांमध्ये या दोघींचे नाव अग्रभागी आहे. हा थ्रेड त्यांच्या ‘कॅडमन रेकॉर्ड्स’विषयी आहे. त्यासोबत आणखी एका प्रश्नाविषयीही: यंत्र तयार असूनही एखादी गोष्ट घडायला वर्षानुवर्षे का लागतात?

३/ सुरुवात थोडी मागून करू. १८७७ मध्ये थॉमस एडिसनने फोनोग्राफ तयार केला. पुढच्याच वर्षी, १८७८ मध्ये, त्याने एका लेखात या यंत्राच्या संभाव्य उपयोगांची यादी दिली. त्या यादीत अंध वाचकांसाठी बोलणाऱ्या पुस्तकांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे श्राव्यपुस्तकाची कल्पना ध्वनिमुद्रणाच्या यंत्राइतकीच जुनी आहे. अडचण कल्पनेची नव्हती. अडचण वेळेची होती.

४/ त्या काळच्या मेणाच्या नळकांड्यावर जेमतेम दोन-तीन मिनिटांचा आवाज मावत असे. १८८९ मध्ये रॉबर्ट ब्राउनिंग आपली एक कविता त्या यंत्रासमोर म्हणू लागला, मध्येच ओळी विसरला आणि तसे कबूल करून थांबला. तो क्षणही टिपला गेला आहे. १८९० मध्ये टेनिसनच्या आवाजातील काही कविता मुद्रित झाल्या. पण ही सारी नवलाई होती. दोन-तीन मिनिटांत कादंबरीचे एक पानही धड वाचून होत नाही.

५/ पहिली खरी बोलकी पुस्तके अंध वाचकांसाठी तयार झाली. १९३१ मध्ये अमेरिकेत प्रॅट-स्मूट कायदा संमत झाला आणि अंध प्रौढांसाठी पुस्तके पुरवण्याचे काम ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’कडे आले. १९३४ पासून त्यांत ध्वनिमुद्रित पुस्तके दाखल झाली. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे १५ मिनिटांचे वाचन मावे. आरंभीच्या संचात बायबलचे भाग होते, अमेरिकेचे स्वातंत्र्याचे घोषणापत्र होते आणि शेक्सपिअरही होता. १९३५ मध्ये ब्रिटननेही असाच उपक्रम सुरू केला. तेथील पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ आणि जोसेफ कॉनरॅडची ‘टायफून’ यांचा समावेश होता.

६/ या उपक्रमाभोवती मात्र एक कुंपण होते. लेखक-प्रकाशकांनी नाममात्र मोबदल्यात परवानगी दिली ती एका अटीवर: या तबकड्या विकायच्या नाहीत, जाहीरपणे किंवा रेडिओवर वाजवायच्या नाहीत, त्या केवळ अंध वाचकांच्याच हाती जायला हव्यात. ऐकलेले पुस्तक छापील पुस्तकाचा ग्राहक पळवील, ही भीती त्यामागे होती. त्यामुळे आख्खी कादंबरी ऐकता येणे १९३० च्या दशकातच शक्य झाले असले, तरी सर्वसामान्य ग्राहकाला ती दुकानात मिळण्याचा मार्ग बंद होता.

७/ दुसऱ्या महायुद्धानंतर दोन गोष्टी बदलल्या. जर्मनीत विकसित झालेले चुंबकीय ध्वनिफितीचे तंत्र अमेरिकेत पोहोचले. आता वाचताना चूक झाली तर सारी तबकडी फुकट जात नव्हती. फीत कापून जोडता येत होती. आणि १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने घरगुती ग्राहकांसाठी दीर्घवादन तबकडी, म्हणजेच एलपी, बाजारात आणली. एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक आवाज. सिम्फनीसाठी घडवलेली ही तबकडी कथेलाही तितकीच सोयीची होती.

८/ तरीही मोठ्या कंपन्यांनी साहित्याकडे फारसे लक्ष दिले नाही. कवींचे आवाज टिपण्याचे काम मुख्यतः विद्यापीठांत चाले. हार्वर्डमध्ये प्राध्यापक फ्रेडरिक पॅकार्ड यांनी टी. एस. एलियट यांचे वाचन १९३० च्या दशकातच मुद्रित केले होते. म्हणजे या दोघी ‘पहिल्या’ नव्हत्या, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. पण ते मुद्रण अभ्यासकांसाठी होते. साहित्य ऐकण्यासाठी सामान्य माणूस खिशातून पैसे काढील, या विश्वासावर कुणी सगळा व्यवसाय उभारला नव्हता.

९/ आता बार्बरा आणि मॅरिअ‍ॅन. दोघींचा जन्म १९२९ चा. बार्बरा न्यूयॉर्कची. मॅरिअ‍ॅन बर्लिनमध्ये जन्मलेली, नाझी राजवटीमुळे देश सोडावा लागलेल्या कुटुंबातली. दोघींची भेट झाली हंटर महाविद्यालयात. न्यूयॉर्क शहराने चालवलेली ही संस्था तेव्हा मुख्यतः मुलींसाठी होती आणि तिथे फी द्यावी लागत नसे. त्यामुळे ऐपत बेताची पण बुद्धी तल्लख असलेल्या असंख्य मुलींना तिथे उच्च शिक्षणाचे दार उघडले. तिथे दोघी प्राचीन ग्रीक शिकल्या आणि १९५० मध्ये पदवीधर झाल्या.

१०/ ग्रीकचा हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. होमर शिकणाऱ्याला पहिल्याच वर्षी एक गोष्ट उमजते: हे काव्य डोळ्यांसाठी रचलेले नव्हते, ते कानांसाठी होते. लेखन नंतर आले. अशा शिक्षणातून बाहेर पडलेल्या या तरुणींना काम मिळाले ते असे: बार्बरा एका प्रकाशनसंस्थेत साहाय्यक संपादक, मॅरिअ‍ॅन एका रेकॉर्ड कंपनीसाठी तबकडीच्या वेष्टनावरचा मजकूर लिहिणारी. एक ग्रंथव्यवसायाच्या उंबरठ्यावर, दुसरी ध्वनिमुद्रणाच्या. दोन्ही घरांत त्यांचे स्थान दुय्यम होते, पण त्या दोन घरांमधली मोकळी जागा त्यांना दिसली.

११/ १९५२ च्या हिवाळ्यात डिलन थॉमस दुसऱ्यांदा अमेरिकेच्या दौऱ्यावर आला होता. न्यूयॉर्कच्या ९२व्या रस्त्यावरील एका ज्यू संस्थेचे ‘पोएट्री सेंटर’ १९३९ पासून कवींची जाहीर वाचने भरवत असे. तिथे त्याचे वाचन ऐकायला या दोघी गेल्या. वाचन संपल्यावर त्यांनी त्याच्याकडे एक चिठ्ठी पाठवली: आम्हाला आपल्याशी व्यवसायाविषयी बोलायचे आहे. खाली सही होती ‘बी. कोहेन आणि एम. रोनी’. पूर्ण नावे टाळली, कारण दोन तरुण मुलींचे पत्र म्हटले की ते व्यवसायाचे मानले जाईलच याची खात्री नव्हती. त्या काळातील कामकरी स्त्रीची अवस्था त्या दोन आद्याक्षरांत सामावली आहे.

१२/ मग सुरू झाला पाठलाग. कवी चेल्सी हॉटेलात उतरलेला, पण दूरध्वनीवर कधीच हाती न लागणारा. अखेरीस बार्बराने वेगळा हिशेब केला. जो माणूस रात्रभर मैफलींत असतो, तो खोलीवर कधी सापडेल? तिने पहाटे पाच वाजता फोन लावला. कवी नुकताच परतला होता. त्याने फोन उचलला आणि भेटायचे कबूल केले.

१३/ हॉटेलच्या उपाहारगृहात जेवताना बोलणी झाली. मैत्रिणींनी देऊ केले पहिल्या हजार प्रतींसाठी ५०० डॉलर आगाऊ, आणि पुढच्या विक्रीवर १० टक्के मानधन. एकूण भांडवल १,५०० डॉलरचे असताना त्यातला तिसरा हिस्सा त्यांनी एकट्या कवीच्या हाती दिला, हे ध्यानात घ्या. उरलेल्या पैशांत मुद्रण, छपाई, वेष्टन आणि वितरण. ठरलेल्या पहिल्या दिवशी कवी फिरकलाच नाही. दुसऱ्या खेपेस आला. तो दिवस २२ फेब्रुवारी.

१४/ थॉमसने पाच कविता वाचल्या. त्यांत ‘फर्न हिल’ होती आणि मरणाच्या दारातील पित्याला उद्देशून लिहिलेली ‘डू नॉट गो जेंटल इन्टू दॅट गुड नाइट’ही होती. पण एलपीला दोन बाजू असतात, आणि या कवितांनी दोन्ही भरेनात. दुसऱ्या बाजूवर काय घ्यायचे? आता हा प्रश्न साहित्याचा नव्हता, तबकडीवरच्या मोकळ्या जागेचा होता.

१५/ थॉमसला आठवले की आपण ख्रिसमसच्या बालपणीच्या आठवणींवर काहीतरी लिहिले होते. १९५० मध्ये ते ‘हार्पर्स बझार’ या फॅशनच्या मासिकात छापून आले होते. तो अंक शोधून काढण्यात आला आणि थॉमसने ते गद्य वाचले: ‘अ चाइल्ड्स ख्रिसमस इन वेल्स’. एका जुन्या अंकात विसरून गेलेला हा मजकूर आज त्याच्या सर्वाधिक लोकप्रिय कृतींपैकी एक आहे. तो घराघरांत पोहोचला तो प्रामुख्याने या तबकडीमुळे. ज्या गद्याने श्राव्यसाहित्याची बाजारपेठ सिद्ध केली, ते रिकामी बाजू भरण्यासाठी निवडले गेले होते.

१६/ २ एप्रिल १९५२ रोजी तबकडी बाजारात आली. खप आरंभी संथच होता. पण ऐकणारे दुसऱ्यांना सांगत गेले, आणि १९६० पर्यंत तिच्या चार लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. पहिला करार हजार प्रती गृहीत धरून झाला होता, हे आठवले म्हणजे या आकड्याचे मोल कळते. कंपनीचे घोषवाक्य होते: छापील पानाला तिसरी मिती.

१७/ कंपनीला ‘कॅडमन’ हे नाव का दिले? सातव्या शतकात उत्तर इंग्लंडमधील व्हिट्बीच्या मठात कॅडमन नावाचा गुराखी होता. बीड या इतिहासकार भिक्षूने त्याची हकिगत लिहून ठेवली आहे. मेजवानीत हार्प हातोहात फिरू लागली की हा लाजून उठून जाई, कारण त्याला गाता येत नसे. एका रात्री स्वप्नात त्याला गाण्याची आज्ञा झाली आणि तो सृष्टीच्या निर्मितीचे गीत गाऊ लागला. मठाच्या प्रमुख हिल्डा यांनी त्याला मठात घेतले, आणि त्याच्या मुखातून येणारी गीते त्याच्या शिक्षकांनी लिहून घेतली. इंग्रजीतला नावानिशी ठाऊक असलेला पहिला कवी तो हा. सांगणारा एक आणि लिहून घेणारा दुसरा, ही रचना ज्ञानेश्वर आणि सच्चिदानंदबाबांची परंपरा जाणणाऱ्या मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. व्हिट्बीत एका स्त्रीच्या आश्रयाने आवाज कागदावर उतरला होता. न्यूयॉर्कमध्ये दोन स्त्रियांनी कागद पुन्हा आवाजाकडे नेला.

१८/ पुढच्या वर्षीची एक नोंद याहून विलक्षण आहे. १४ मे १९५३ रोजी त्याच पोएट्री सेंटरच्या रंगमंचावर थॉमसच्या ‘अंडर मिल्क वुड’ या श्रुतिनाट्याचे वाचन झाले. सहा जण वाचत होते, त्यांत खुद्द लेखकही होता. रंगमंचावर ठेवलेल्या एकाच मायक्रोफोनने ते टिपले गेले, आणि पुढे कॅडमनने ते प्रकाशित केले. ९ नोव्हेंबर १९५३ रोजी थॉमस न्यूयॉर्कमध्येच वारला. वय ३९. स्टाइनवे हॉलमधील त्या दिवसाला दोन वर्षेही झाली नव्हती. लेखकाच्या आवाजातील ते नाटक उरले ते त्या एका मायक्रोफोनमुळे.

१९/ कॅडमनच्या सूचीत पुढे एलियट, ऑडन, रॉबर्ट फ्रॉस्ट, विल्यम फॉकनर, युडोरा वेल्टी असे लेखक स्वतःच्या आवाजात आले. जे लेखक हयात नव्हते त्यांच्यासाठी नटांना पाचारण करण्यात आले: एडगर अ‍ॅलन पोच्या कथा बॅझिल रॅथबोनच्या, तर किपलिंगच्या बालकथा बोरिस कार्लॉफच्या आवाजात. कार्लॉफ म्हणजे पडद्यावरचा फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस. त्याच घशातून मुलांसाठी गोष्टी! १९६० च्या सुमारास ‘शेक्सपिअर रेकॉर्डिंग सोसायटी’ सुरू झाली आणि नामवंत नटसंच घेऊन नाटकामागून नाटक मुद्रित होऊ लागले. त्यांतील बहुतेकांचा दिग्दर्शक होता हॉवर्ड सॅक्लर. पुढे त्याला स्वतःच्या नाटकासाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले.

२०/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे एक सावधगिरी बाळगावी. लेखकाचा आवाज म्हणजे कृतीचा अंतिम अर्थ नव्हे. थॉमसचेच उदाहरण घ्या. तो वेल्सचा, पण लहानपणी त्याला उच्चारशिक्षणाचे धडे मिळाले होते. त्यामुळे तबकडीवर ऐकू येते ते कमावलेले, घडवलेले, रंगमंचीय इंग्रजी. आपल्या या उच्चारांची तो स्वतःच थट्टा करत असे. म्हणजे ही तबकडी एका वाचनाचे साधन आहे: विशिष्ट दिवशी, विशिष्ट खोलीत, विशिष्ट करारापोटी झालेल्या वाचनाचे. तिला दस्तऐवज मानावे, पण कुठल्याही दस्तऐवजाला विचारतो ते प्रश्न तिलाही विचारावेत.

२१/ आणि तरी तिचा प्रभाव नाकारता येत नाही. ज्याने पु. ल. देशपांड्यांचा ‘अंतू बर्वा’ आधी त्यांच्या आवाजात ऐकला आणि नंतर पुस्तकात वाचला, त्याला हे वेगळे सांगायला नको. छापील ओळीतही त्याला तोच आवाज ऐकू येतो, त्याच जागी थांबावेसे वाटते. ध्वनिमुद्रण मजकुराला चिकटते. कॅडमनच्या श्रोत्यांच्या एका पिढीला आधुनिक इंग्रजी कविता अशीच, आवाजाला चिकटलेल्या रूपात भेटली.

२२/ १९७० मध्ये दोघींनी कंपनी विकली. खरेदीदार होता रेथिऑन उद्योगसमूहातील एक शैक्षणिक प्रकाशक. १९८७ मध्ये ती ‘हार्पर अँड रो’ या प्रकाशनसंस्थेकडे गेली. याच सुमारास व्यवसायाचे रूप पालटत होते. १९७५ मध्ये डुवाल हेक्ट याने ‘बुक्स ऑन टेप’ सुरू केले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमधील नौकानयनाचा हा सुवर्णपदकविजेता, कॅलिफोर्नियातील रोजच्या लांबलचक मोटारप्रवासाला कंटाळलेला. त्याने संपूर्ण, असंक्षिप्त पुस्तके कॅसेटवर मुद्रित करून टपालाने भाड्याने द्यायला सुरुवात केली. दिवाणखान्यातले श्रवण मोटारीत गेले, आणि तिथून ते आपल्या खिशात आले.

२३/ आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. १९३४ मध्ये पंधरा मिनिटांची तबकडी होती, १९४८ मध्ये एलपी होती, ध्वनिफीत होती, कवीही जाहीर वाचने करतच होते. मग ही बाजारपेठ १९५२ पर्यंत का थांबली? कारण यंत्र हाती असलेल्यांना साहित्यात ग्राहक दिसत नव्हता, आणि साहित्य हाती असलेल्यांना आवाजात धोका दिसत होता. दोहोंच्या मध्ये उभे राहून निराळे पाहायला कुणीतरी हवे होते. ते पाहिले दोन्ही व्यवसायांनी ज्यांना मजकूर तपासायला आणि वेष्टनावरचे परिच्छेद लिहायला बसवले होते, त्या दोघींनी. तंत्रज्ञानाचा इतिहास केवळ संशोधकांच्या नावांनी लिहिला, तर ही माणसे त्यातून निसटतात.

२४/ २००८ च्या निवडीत अमेरिकेच्या ‘नॅशनल रेकॉर्डिंग रजिस्ट्री’ने ती पहिली तबकडी राष्ट्रीय ठेवा म्हणून जतनासाठी नोंदवली. मॅरिअ‍ॅन, विवाहानंतरच्या मॅरिअ‍ॅन मँटेल, २०२३ मध्ये वारल्या. बार्बरा, विवाहानंतरच्या बार्बरा होल्ड्रिज, २०२५ मध्ये. दोघींनीही नव्वदी ओलांडली होती. ज्याला पहाटे पाच वाजता फोन करून गाठले, त्या कवीच्या मागे त्या सात दशके जगल्या.

२५/ एक विनंती. ‘फर्न हिल’ आधी स्वतः मोठ्याने वाचा, मग थॉमसच्या आवाजात ऐका. कुठे तुमचा स्वर वेगळा पडला ते टिपून ठेवा. आणि यापुढे कुठलेही जुने ध्वनिमुद्रण ऐकाल तेव्हा तीन गोष्टी शोधा: हे मुद्रित करायचे कुणाला सुचले, पैसे कुणी घातले, आणि तबकडीच्या दुसऱ्या बाजूला काय होते.

थ्रेड समाप्त.